दोरीला बांधलेला धोबी: पाणबुड्यांवरच्या फिरत्या पतंगांचं पुढे काय झालं?

वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाशेजारी स्मिथसोनियनचं उडवार-हेझी सेंटर आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राहत असाल तर भारतातून आलेल्या आईबाबांना घेऊन तुम्ही तिथे एकदा तरी गेला असाल. डिस्कव्हरी शटलसमोर फोटो काढले असतील, ब्लॅकबर्डभोवती फेरी मारली असेल, काँकॉर्डच्या पोटाखालून चालला असाल. याच गर्दीत एक वस्तू अशी आहे, की तिच्यावरून बहुतेकांची नजर न थांबता पुढे सरकते. दोन लोखंडी नळ्या, त्यांवर एक छोटी बैठक, डोक्यावर तीन लांब पाती आणि मागे शेपटीसारखी सुकाणूची फळी. इंजिन नाही, काच नाही, चाकं नाहीत. एखाद्या मुलाने मेकॅनोच्या सेटमधून हेलिकॉप्टर जुळवायला घेतलं आणि मध्येच जेवायला उठून गेला, असं वाटावं.

हे आहे फोके-आखगेलिस कंपनीचं फा ३३०. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या हे यंत्र एका माणसासकट पतंगासारखं हवेत सोडत. जर्मनांनी त्याला ‘बाखष्टेल्झे’ म्हटलं. बाखष्टेल्झे म्हणजे शेपटी वरखाली हलवत पाण्याकाठी तुरुतुरु चालणारा पक्षी, आपला धोबी किंवा परीट.

असे साधारण २०० धोबी बनले. आज जगभरच्या संग्रहालयांत त्यांतले मोजकेच उरले आहेत. कोणते उरले, कोणते गेले आणि का, याचा माग काढताना संग्रहालयाकडे कसं पाहावं, याबद्दलही थोडं काही हाती लागतं. तोच या लेखाचा विषय.

पाणबुडीला पतंग कशाला?

पाणबुडी म्हटलं, की ती सतत पाण्याखालीच असते असं आपल्याला वाटतं. त्या काळच्या पाणबुड्या मात्र बहुतेक वेळ पाण्यावरूनच प्रवास करत. लपायचं असेल किंवा हल्ला करायचा असेल तेव्हा त्या बुडी मारत. पाण्यावर असताना त्यांची मोठी अडचण होती नजरेची. पाणबुडीचा मनोरा ठेंगणा असतो आणि त्यावर दुर्बीण घेऊन उभ्या असलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून जेमतेम पाच-सहा मीटर उंचीवर असतात.

यामागचं गणित सोपं आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे क्षितिज किती दूर दिसेल, ते तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर ठरतं. उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि त्याला ३.५७ ने गुणा. आलेलं उत्तर म्हणजे क्षितिजाचं किलोमीटरमधलं अंतर. ५ मीटर उंचीवरून हे अंतर सुमारे ८ किलोमीटर येतं, तर १२० मीटरवरून ३९ किलोमीटर. म्हणजे नजर जवळजवळ पाचपट लांब जाते. पण समुद्रावर शोध घेताना अंतरापेक्षा क्षेत्रफळ महत्त्वाचं असतं आणि ते अंतराच्या वर्गाने वाढतं. त्यामुळे पाहता येणारा समुद्र जवळजवळ २४ पट मोठा होतो. त्यातून समोरच्या जहाजाची डोलकाठी आणि धूर क्षितिजापलीकडूनही दिसतात, म्हणून प्रत्यक्षात पल्ला याहूनही मोठा असे.

हा पतंग साधारण १२० मीटर उंचीवर जाई. तेवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप होता.

इंजिनाशिवाय पाती फिरतात कशी?

रस्त्याकडेला लावलेल्या महोगनीच्या झाडाखाली कधी उभे राहिला असाल, तर त्याचं पंख असलेलं बी गरगरत खाली येताना पाहिलं असेल. तुम्ही अमेरिकेत किंवा युरोपात असाल तर मेपलचं बी पाहिलं असेल. मुलं त्याला हेलिकॉप्टरच म्हणतात. त्या बियाला कोणी फिरवत नाही. बी खाली पडतं, म्हणजे त्याच्या दृष्टीने हवा खालून वर येते. या तिरप्या येणाऱ्या हवेमुळे पंखावर जो उचलणारा जोर निर्माण होतो, तो नेमका सरळ वर नसतो, किंचित पुढे झुकलेला असतो. तेवढा झुकाव पंखाला पुढे ओढत राहतो. बी फिरतं, आणि फिरल्यामुळेच सावकाश खाली येतं. याला ऑटोरोटेशन म्हणतात. उडत्या हेलिकॉप्टरचं इंजिन बंद पडलं, तर वैमानिक याच तत्त्वावर ते खाली उतरवतो.

आता या बियाला दोरी बांधून वाऱ्यात धरलं तर? पातं थोडं मागे झुकवलं की समोरून येणारा वारा त्याच्यातून खालून वर जातो. बियाच्या बाबतीत जे काम गुरुत्वाकर्षण करतं, ते इथे दोरीची ओढ करते. संक्रांतीला मांजा ताणून धरला की पतंग वर चढतो आणि ढील दिली की डुलत मागे जातो, तसंच. फरक इतकाच, की इथे कागदाऐवजी ७.३ मीटर व्यासाचं फिरतं चक्र होतं. नंतरच्या काही यंत्रांत ते ८.५ मीटरचं झालं. आणि शेपटीच्या जागी एक जिवंत माणूस होता.

हवेत राहायला या पतंगाला ताशी साधारण २७ किलोमीटरचा वारा पुरे. पाणबुडी पाण्यावर ताशी ३५ किलोमीटरपर्यंत धावू शकत असे, त्यामुळे वाऱ्याकडे तोंड करून वेग घेतला की काम होई. रिकाम्या यंत्राचं वजन ७५ किलोच्या आसपास, म्हणजे साधारण एका धडधाकट माणसाएवढं. ते सुटं करून मनोऱ्याजवळच्या पाणी न शिरणाऱ्या नळकांड्यांत उभं ठेवता येई आणि सरावलेले खलाशी काही मिनिटांत ते जोडत. सुरुवातीला पाती हाताने किंवा दोर ओढून फिरवायची, मग विंचवरून तार सोडायची. तारेबरोबरच टेलिफोनची वायर वर गेलेली असे. वरचा माणूस जे दिसेल ते तिच्यावरून खाली कळवी.

वरच्या माणसाचं काय?

संग्रहालयातल्या पाटीवर वजन, व्यास आणि वेग हमखास असतो. त्या बैठकीवर बसणाऱ्याच्या पोटात काय होत असेल, ते मात्र तुम्हाला स्वतः कल्पून पाहावं लागतं.

समजा, त्याला दूर एक विमान दिसलं. पाणबुडीला वाचायचं असेल तर लगेच बुडी मारायला हवी. पतंग खाली ओढून, उतरवून, सुटा करून आत ठेवायला वेळ नाही. अशा वेळेसाठी बैठकीच्या वर एक दांडा होता. तो ओढला की तार आणि पाती दोन्ही सुटत. पाती वर उडून जात आणि जाता जाता हवाई छत्री उघडत. मग वैमानिक पट्टे सोडून उरलेला सांगाडा समुद्रात पडू देई आणि स्वतः छत्रीने पाण्यात उतरे. तोपर्यंत पाणबुडी खाली गेलेली असे. धोका टळल्यावर ती परत येईल आणि त्याला शोधेल, ही आशा. शोधायला येणाऱ्यांची नजर पुन्हा त्याच पाच-सहा मीटर उंचीवरची, आणि लाटांमध्ये फक्त एक डोकं.

म्हणूनच जिथे शत्रूची विमानं क्वचित दिसत, तिथेच हा पतंग उडवणं शक्य होतं. उत्तर अटलांटिकवर १९४३ पर्यंत विमानं आणि रडार यांचं जाळं घट्ट झालं होतं. राहिले दक्षिण अटलांटिक आणि आपला हिंदी महासागर. लांब पल्ल्याच्या नऊ-डी-२ प्रकारच्या पाणबुड्या तिकडे जात आणि फा ३३० प्रामुख्याने त्यांच्यावरच होता.

६ ऑगस्ट १९४३ रोजी यू-१७७ या पाणबुडीने मादागास्करजवळ या पतंगाच्या मदतीने ‘एफ्थालिया मारी’ ही ग्रीक आगबोट शोधली आणि बुडवली. फा ३३० मुळे बुडालेलं नक्की माहीत असलेलं जहाज हे एवढंच. २०० यंत्रं, शेकडो तासांचं प्रशिक्षण, पॅरिसजवळच्या शाले-मदों इथल्या अवाढव्य पवनबोगद्यात वैमानिकांचा सराव, आणि हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला एक जहाज. बरोबर सहा महिन्यांनी, ६ फेब्रुवारी १९४४ रोजी, दक्षिण अटलांटिकमध्ये एका अमेरिकन लिबरेटर विमानाने यू-१७७ बुडवली. पतंगाच्या वैमानिकाला ज्याची भीती वाटायची, ते आकाशातूनच आलं.

मग उरले ते कुठले?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समुद्रावर गेलेले पतंग कुठे गेले?

बहुतेक सगळे तळाशी. नऊ-डी-२ प्रकारच्या पाणबुड्या तीसेकच बनल्या. त्यांतल्या बऱ्याच युद्धात बुडाल्या. युद्ध संपताना यू-१८१ आणि यू-८६२ या दोन सिंगापूरला होत्या. जर्मनी शरण गेल्यावर त्या जपानी आरमाराने घेतल्या आणि जपान शरण गेल्यावर ब्रिटिशांनी १९४६ मध्ये त्या मलाक्काच्या सामुद्रधुनीत बुडवल्या. युरोपात शरण आलेल्या १५६ पाणबुड्यांपैकी ११६ ब्रिटिशांनी १९४५-४६ च्या हिवाळ्यात उत्तर आयर्लंडपलीकडच्या समुद्रात मुद्दाम बुडवून टाकल्या. नऊ-डी-२ प्रकारची एकही पाणबुडी आज शिल्लक नाही. तिच्या घराण्यातली, पण आकाराने लहान अशी यू-५०५ तुम्हाला शिकागोच्या विज्ञान संग्रहालयात पाहायला मिळते. तिच्या अरुंद डेकवर सात मीटरांचं चक्र फिरतंय, अशी कल्पना करून पाहा. संग्रहालयात छताखाली निवांत दिसणारं यंत्र किती अडचणीच्या जागेतून उडत असे, ते लगेच लक्षात येईल.

याला एक अपवाद होता, यू-८५२. मे १९४४ मध्ये एडनहून आलेल्या ब्रिटिश विमानांनी तिला गाठलं आणि ती सोमालियाच्या किनाऱ्यावर रुतली. तिच्याबरोबर एक फा ३३० मित्रराष्ट्रांच्या हाती लागला. त्याच पाणबुडीच्या कप्तानाने दोन महिन्यांपूर्वी ‘पेलियस’ हे ग्रीक जहाज बुडवून, तराफ्यांना धरून राहिलेल्या खलाशांवर गोळीबार करवला होता. त्याबद्दल त्याला आणि त्याच्या दोन अधिकाऱ्यांना नोव्हेंबर १९४५ मध्ये हॅम्बुर्गला मृत्युदंड झाला. पतंगाची हकिकत सांगताना त्याची चतुराई भुरळ पाडते. तो कोणाच्या हातात होता, हे विसरून चालणार नाही.

म्हणजे तुम्ही संग्रहालयात जे धोबी पाहता, ते बहुतांशी समुद्रावरून परत आलेले नाहीत. ते जमिनीवर सापडलेले आहेत. युद्ध संपल्यावर ब्रिटिश आणि अमेरिकन तज्ज्ञांनी जर्मनीतून इंजिनं, रॉकेटं आणि विमानं यांच्याबरोबर हे पतंगही उचलून नेले. ब्रिटिशांनी ते जहाजांमागे आणि जीपमागे बांधून उडवून पाहिले. ते छान उडाले. पण तोवर खरंखुरं हेलिकॉप्टर येऊन ठेपलं होतं. जे स्वतःच्या इंजिनावर उठतं आणि हवं तिथे जातं, ते असताना दोरीला बांधलेला माणूस कोणाला हवा? प्रयोग थांबले, यंत्रं गोदामात गेली आणि गोदामातून हळूहळू संग्रहालयांत पोचली.

या हकिकतीतला बोध साधा आहे. जे उरतं, ते घडलेल्या गोष्टींचा नमुना असेलच असं नाही. वापरलं गेलेलं नष्ट झालं आणि न वापरलेलं टिकलं. आपल्या घरीही हेच होतं. रोजच्या वापरातली कढई झिजून मोडीत जाते आणि लग्नात मिळालेला, कधीच न काढलेला चांदीचा पेला पन्नास वर्षं कपाटात चकचकीत राहतो. शंभर वर्षांनी कोणी ते कपाट उघडलं, तर या घरात लोक चांदीच्या पेल्यातून पाणी पीत असं त्याला वाटेल.

तुमच्या जवळचा धोबी

तुम्ही अमेरिकेत असाल तर उडवार-हेझीखेरीज ओहायोमध्ये डेटनला अमेरिकी हवाई दलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात एक फा ३३० आहे. प्रवेश मोफत आहे आणि पूर्ण दिवस हाती ठेवून जावं असं ते ठिकाण आहे. ब्रिटनमध्ये कॉसफर्डचं रॉयल एअर फोर्स संग्रहालय आणि केंब्रिजजवळचं डक्सफर्ड या दोन्ही ठिकाणी एकेक आहे. जर्मनीत म्युनिकचं डॉइचेस म्युझियम आणि फ्रान्समध्ये पॅरिसजवळचं ले बुर्जे इथल्या संग्रहांतही हे यंत्र आहे. संग्रहालयं मांडणी बदलत असतात, वस्तू कधी गोदामात, कधी दुरुस्तीला जातात. म्हणून निघण्याआधी एक ई-मेल टाकून खात्री करून घ्या.

गेलात तर तीन गोष्टी पाहा. पहिली, पात्यांवरचं कापड. पोलादी नळी, तिच्यावर प्लायवूडच्या फासळ्या आणि त्यांवर कापड, अशी या पात्यांची घडण होती. पोलाद ऐंशी वर्षं टिकतं, कापड टिकत नाही. तेव्हा डोळ्यांना दिसणारं कापड मूळचं आहे की दुरुस्तीत नवं चढवलं आहे, हे तिथल्या माणसाला विचारा. अशा प्रश्नांची उत्तरं द्यायला संग्रहालयातले स्वयंसेवक फार उत्सुक असतात. दुसरी, पात्यांचा मधला सांधा. वैमानिक हातातल्या दांड्याने हा सांधाच कलता करी आणि चक्र जिकडे झुकेल तिकडे पतंग जाई. पायांनी मागची सुकाणूफळी हलवी. उड्डाणाचं सगळं नियंत्रण एवढंच. तिसरी गोष्ट म्हणजे तारेचा हुक. समोर तार नसते, विंच नसतो, पाणबुडीही नसते. पण या यंत्राचं इंजिन म्हणजे ती तारच होती. ती मनातल्या मनात जोडल्याशिवाय हे यंत्र समजत नाही.

धोब्याची भावंडं आणि वंशज

त्याच काळात इंग्लंडमध्येही असाच एक विचार चालू होता, पण उलट दिशेने. राउल हाफनर हा मूळचा ऑस्ट्रियन अभियंता. युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटनने त्याला शत्रुदेशाचा माणूस म्हणून काही काळ स्थानबद्ध ठेवलं आणि मग त्याच्याच बुद्धीचा उपयोग करून घेतला. त्याने ‘रोटाशूट’ बनवलं. सैनिकाने हवाई छत्रीऐवजी फिरत्या पात्याखाली बसून, हव्या त्या जागी नेम धरून उतरावं, ही कल्पना. पुढे त्याने चक्क एका जीपला पाती लावली. तिचं नाव ‘रोटाबगी’. १९४३ च्या नोव्हेंबरमध्ये ती हवेत उडालीसुद्धा. दोन्ही कल्पना युद्धात वापरल्या गेल्या नाहीत. हॅम्पशरमधल्या मिडल वॉलपच्या लष्करी उड्डाण संग्रहालयात रोटाबगी आहे, पण ती प्रतिकृती आहे. मूळ जीप उरली नाही.

रोटाशूटचं एक यंत्र मात्र अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिककडे अभ्यासासाठी गेलं. तिथे इगोर बेन्सन नावाचा रशियात जन्मलेला तरुण अभियंता त्याच्या प्रेमात पडला. त्याने ते स्वतः उडवून पाहिलं, सुधारलं आणि १९५०च्या दशकात नॉर्थ कॅरोलायनात स्वतःची कंपनी काढली. गॅरेजमध्ये जोडता येईल आणि गाडीमागे बांधून उडवता येईल असा पतंग त्याने लोकांपुढे ठेवला. मग त्याला मागे छोटं इंजिन जोडलं आणि दोरीची गरजच संपली. आज जगभर हौशी लोक जे जायरोकॉप्टर उडवतात, त्यांतल्या कितीतरी यंत्रांचं मूळ इथे आहे. बेन्सनचं स्वतःचं यंत्र कुठे आहे माहीत आहे? त्याच उडवार-हेझी सेंटरमध्ये, जिथे हा धोबीही आहे. दोरीवालं आणि बिनदोरीचं, दोन्ही एका छपराखाली. पुढच्या वेळी दोन्ही शोधा आणि मुलांना फरक ओळखायला लावा.

खालून पाहणारे

शेवटी एक गोष्ट. हा पतंग हिंदी महासागरावर उडत होता, हे वाचून तुमच्या मनात आलं असेल, की तेव्हा खाली जहाजांवर कोण होतं? त्या काळात ब्रिटिश व्यापारी जहाजांवरच्या खलाशांपैकी साधारण पाव हिस्सा भारतीय होता. मुंबईहून भरती होणाऱ्यांत रत्नागिरीकडचे आणि गोव्याचे लोक पुष्कळ असत. कोणी भट्टीत कोळसा टाकी, कोणी डेक धुई, कोणी स्वयंपाकघरात भांडी घासे. युद्धात समुद्रावर गेलेल्यांपैकी अनेकांचं थडगंही नाही.

१२० मीटरवर बसलेल्या त्या माणसाला दुर्बिणीतून दिसे ती क्षितिजावरची एक डोलकाठी आणि धुराची एक रेघ. त्या धुराखाली भट्टीपाशी घाम गाळणारा कोकणातला माणूस त्याला दिसणं शक्य नव्हतं. ३.५७ गुणिले वर्गमूळ या सूत्रात तो कुठे येतच नाही.

संग्रहालयात आपण या यंत्राकडे मान वर करून पाहतो. त्या बैठकीवरून काय दिसत असेल, ही कल्पना करणं सोपं आहे आणि ती जरूर करा. पण मान खाली करण्याआधी क्षणभर दुसऱ्या बाजूनेही पाहा. क्षितिजावर एक ठिपका आहे, पक्ष्याएवढा. जहाजाच्या कठड्याशी विडी ओढत उभ्या असलेल्या कुणाला तो दिसलाही असेल, आणि एखादा समुद्रपक्षी असेल म्हणून त्याने नजर दुसरीकडे वळवली असेल.